सुजलेला पाय चोळू नका



शिरूरहून एस.टी.ने पुण्यास, किंवा दौंड जंक्शनावरून आगगाडीने थेट मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत, घोड आणि भीमा या नद्यांकाठच्या गावांतील कर्करोगाचे रुग्ण उपचारांसाठी जात-येत असतात. आणि परतल्यावर एखाद्याचा एकच पाय सुजला, पोटरी ठणकू लागली, तर घरची माणसे तो प्रवासाचा शिणवटा समजून, तेल कोमट करून पाय चोळावयास बसतात. त्यांची माया खरी. परंतु हा उपाय रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

कर्करोगाच्या पेशी रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करतात. त्यात शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शिरेत बसविलेली नळी आणि दीर्घकाळचे अंथरूण यांची भर पडली, म्हणजे पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते, आणि ती, पाय चोळल्याने वा एरवीही, सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणसंकट ओढवते. स्वादुपिंड व जठर यांच्या कर्करोगात हे भय विशेष. पॅरिसचे विख्यात वैद्य आर्मां त्रुसो यांनी हा संबंध १८६५ साली विशद केला होता. आणि पुढे स्वतःच्याच शिरेस सूज आलेली पाहून त्यांनी आपल्या असाध्य रोगाचे निदान केले व १८६७ मध्ये ते जठराच्या कर्करोगाने निवर्तले.

आज मात्र यावर इलाज आहे. डॉपलर सोनोग्राफीने गुठळी ओळखता येते. आणि हेपारिनच्या जातीची, त्वचेखाली टोचावयाची इंजेक्शने किंवा अपिक्साबानसारख्या गोळ्या बहुधा तीन ते सहा महिने, व रोग जागा असेतो त्याहूनही अधिक काळ द्याव्या लागतात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशी इंजेक्शने प्रतिबंधासाठी सुमारे चार आठवडे चालू ठेवण्याची तजवीज डॉक्टर करतात. घरी आल्यावर त्यांत हयगय करू नये. ही औषधे आपल्या मर्जीने बंद करू नयेत, जोडीला दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, आणि शौचास काळे झाले किंवा लघवीत रक्त दिसले तर तत्काळ डॉक्टरांस कळवावे.

रुग्णास झेपेल तितके चालवावे. प्रवासात पावले वरखाली हलविण्याची आठवण द्यावी. एक पाय सुजल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, सोबत उपचारांचे सर्व कागद न्यावेत. आणि एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, तर क्षणाची दिरंगाई न करता १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. कर्करोगाशी महिनोन् महिने झुंजणारा आपला माणूस, वेळीच ओळखता येण्याजोग्या गुठळीने आपण गमावता कामा नये.