मोटार घेण्याआधीचा हिशेब

भोसरीपासून चाकण-खेडपर्यंत आणि तिकडे शिक्रापूर-शिरूरपर्यंत सध्या घरोघर एक प्रश्न निघतो आहे, आणि सोयरीक जमवण्याइतकाच तो वादाचा होतो आहे. मोटार घ्यायची, तर कोणती? मोठ्या जीपगाडीसारखी दिसणारी, पण गल्लीत वळेल इतकी लहान, अशी गाडी बहुतेकांच्या मनात असते. तिला एसयूव्ही म्हणतात. आज अशा दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहू या. एक टाटांची नेक्सॉन आणि दुसरी स्कोडाची कायलॅक.

याच दोन का? तर दोन्ही आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार होतात. नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली ती रांजणगावच्या कारखान्यातून. कायलॅक चाकणच्या कारखान्यातून येते. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांना दाखवली आणि जानेवारी २०२५ पासून गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. तिचे नाव संस्कृतातल्या स्फटिकवाचक शब्दावरून आणि कैलास पर्वतावरून घेतले, असे कंपनी सांगते. आता कोणी विचारील, गाडी आमच्या शिवारात बनते, तर आम्हांला स्वस्त का नाही मिळत? नाही मिळत. कारखान्याच्या फाटकावर गाडी विकत नाहीत. किंमत ठरते ती विक्रेत्याकडे, आणि कर जिथे गाडीची नोंदणी होते तिथे भरावा लागतो. आपल्या पोराने स्वतःच्या हाताने जोडलेली गाडी असली, तरी पावती तेवढ्याच रकमेची फाटते.

एक गंमत पाहा. दोन्ही गाड्यांची लांबी बरोबर ३९९५ मिलिमीटर आहे. दोन वेगळ्या कंपन्या, मग हे कसे जुळले? याचे कारण कायद्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचा कर उतरवला, आणि लहान म्हणजे काय ते ठरवून दिले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेलचे १५०० च्या आत. तेव्हापासून कंपन्या पाच मिलिमीटर राखून गाडी बेततात. आजही २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, आणि मोठ्या मोटारीला ४०. तेव्हा या गाडीच्या पाठीचा जो आखूडपणा दिसतो, तो कायद्याच्या कात्रीने आला आहे.

दुसरी गोष्ट शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. गाडी उंच दिसली म्हणजे ती चिखलातून निघेल, असा आपला समज होतो. तो खरा नाही. या दोन्ही गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर चढावर गाडी भरलेली असली, की वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि जागीच फिरू लागतात. साधी लहान मोटार जिथे रुतेल, तिथे हीही रुतेल. फरक पडतो तो खड्ड्याचा आणि गतिरोधकाचा. नेक्सॉनचे पोट जमिनीपासून २०८ मिलिमीटर, कायलॅकचे १८९. म्हणजे एका बोटाच्या जाडीचा फरक. पण हे आकडे कागदावरचे. पाच माणसे बसली की गाडी खाली बसते. तेव्हा चाचणीच्या फेरीला एकटे जाऊ नका. घरची पाच माणसे बसवा आणि तुमच्या वाटेवर जो गतिरोधक सगळ्यांत दांडगा असेल, त्याच्यावरून गाडी न्या.

आता इंधनाकडे येऊ, कारण घराचे गणित बिघडते ते इथे. कायलॅक फक्त पेट्रोलवर चालते. इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे. नेक्सॉन पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज अशा चारही प्रकारांत मिळते. आपल्याकडे ट्रॅक्टरमुळे डिझेलवर भरवसा मोठा. "डिझेल घ्या, परवडते," असे चार जण सांगतात. ते कितपत खरे, हे आपण एका घराच्या हिशेबाने पाहू.

समजा, खेड तालुक्यातले एक घर आहे. थोरला मुलगा चाकणला कारखान्यात आहे आणि कंपनीच्या बसने जातो. धाकटा शेती पाहतो. थोरली सून सहा किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात आजी, आणि तिचे गुडघे दुखतात. शाळेचे दिवस महिन्याला चोवीस धरले, तर सूनबाईंचे जाणे-येणे २८८ किलोमीटर होते. बाजार, दवाखाना, पाहुणेरावळे धरून चारशे म्हणू.

पेट्रोलचा भाव सोयीसाठी १०५ रुपये आणि डिझेलचा ९० रुपये धरू. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि डिझेलची १८, असेही धरू. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याला पेट्रोल ७००० रुपयांचे लागेल, डिझेल ५००० चे. दोन हजार वाचले. आपल्या या घराची धाव मात्र चारशेचीच. तेव्हा २८०० आणि २०००, वाचले आठशे.

आता खरेदीच्या वेळचा फरक. पेट्रोलची गाडी नऊ लाखांची आणि डिझेलची दहा लाखांची धरू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी मोटारीला नोंदणीच्या वेळी पेट्रोलवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के कर भरावा लागतो. म्हणजे एकीकडे ९९ हजार, दुसरीकडे एक लाख तीस हजार. किंमत आणि कर मिळून डिझेलचे १ लाख ३१ हजार जास्त गेले. ते महिन्याला दोन हजारांनी वसूल व्हायला साडेपाच वर्षे लागतात. महिन्याला आठशेंनी? तेरा वर्षांहून जास्त! गाडीची पहिली नोंदणीच मुळी पंधरा वर्षांची असते. शिक्षक बंधूंनी आणि भगिनींनी हेच उदाहरण आठवीच्या फळ्यावर मांडावे. मुले घरी जाऊन बापाला विचारतील, आपली गाडी महिन्याला किती चालते हो? बऱ्याच घरांत याचे उत्तर कोणी कधी मोजलेले नसते.

आणखी एक. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून बराच वेळ गरम आणि वेगात चालावी लागते. रोज सहा किलोमीटर जायचे, गाडी गार होऊ द्यायची आणि परत यायचे, अशा चालीने ती गाळणी तुंबते. म्हणजे सूनबाईंच्या शाळेसाठी डिझेल मुळीच नको. आठवड्याला दोनदा भाजी घेऊन मुंबईला पाहुण्यांकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

लिटरला किती किलोमीटर, याचा कंपनीचा आकडा मात्र जपून घ्या. पुण्याच्या एआरएआय या १९६६ सालच्या संस्थेसारख्या चाचणीशाळांत तो काढतात. गाडी रुळांवर उभी करून ठरावीक चालीने चाके फिरवतात. तिथे तळेगाव चौकातली संध्याकाळची कोंडी नसते, कंटेनर आडवा आलेला नसतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा ठीक आहे. पेट्रोलचे पैसे बाजूला काढायला नव्हे. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. उसाच्या शेतकऱ्याला त्यात आनंदच आहे, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. धाव थोडी घटते. या दोन्ही नव्या गाड्या त्या मिश्रणासाठी केलेल्या आहेत.

जीव वाचवण्याच्या बाबतीत सांगायला बरे वाटते, की दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाने सरकारी चाचणी सुरू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आपटतात आणि आतल्या बाहुल्यांना किती मार बसला ते मोजतात. मोठ्या माणसांच्या बचावासाठी ३२ गुण असतात. कायलॅकला ३०.८८ मिळाले, नेक्सॉनला २९.४१. दोघींना पाच तारे. हा दीड गुणाचा फरक धरून भांडू नये. दोन्हींत सहा हवेच्या पिशव्या सगळ्या नमुन्यांत येतात. पण ती पिशवी निमिषात फुगते आणि जोराने आदळते. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर मूल बसवले, तर तीच पिशवी मुलाच्या जिवावर उठेल. लहान मुले मागे, त्यांच्या आसनात. मागच्यांनीही पट्टा बांधायचा; तसा कायदाच आहे.

जागेचे म्हणाल, तर कायलॅकची पुढची-मागची चाके एकमेकांपासून ६८ मिलिमीटर जास्त लांब आहेत, आणि नेक्सॉन २१ मिलिमीटर रुंद आहे. आकड्यांपेक्षा आजीला घेऊन जावे. तिला गुडघा न वाकवता आत बसता येते का आणि कोणाचा हात न धरता उतरता येते का, हे पाहिले की निम्मा निर्णय झाला. डिकीचे आकडे तर सरळ तुलना करण्यासारखे नसतातच. कोणी झाकणापर्यंत मोजतो, कोणी छतापर्यंत. कागदावर कायलॅकची ४४६ लिटर, नेक्सॉनची ३८२, आणि सीएनजीच्या टाक्या बसवलेल्या नेक्सॉनची ३२१. टोमॅटोचा एक क्रेट घेऊन जा आणि ठेवून पाहा. विक्रेता हसेल, हसू द्या.

दुरुस्तीची सोय हा माझ्या मते सगळ्यांत मोठा मुद्दा आहे, आणि जाहिरातीत तो सगळ्यांत कमी येतो. टाटांची केंद्रे तालुक्याच्या गावांतूनही आढळतात. स्कोडाची त्या मानाने कमी. मोशीत किंवा चिंचवडला राहणाऱ्याला दोन्ही जवळ. पण भीमाशंकरच्या बाजूला वाड्याच्या पलीकडे घर असेल, तर गाडी उचलून आणायची झाली की दिवस मोडतो. मी तर म्हणेन, डोंगराकडच्या माणसाने पेट्रोलची नेक्सॉन घ्यावी. चाकण-भोसरी रस्त्यावर रोज तास-दीड तास रखडणाऱ्याने, आणि मागे उंच माणसे बसत असतील तर, कायलॅकची आपोआप गिअर बदलणारी गाडी चालवून पाहावी.

आता पैसे. जमिनीचा मोबदला आला की आधी मोटार दारात येते, हे आपल्या भागात सगळ्यांनी पाहिले आहे. त्याला नावे ठेवायला मी बसलो नाही. पिढ्यान्‌पिढ्या एसटीच्या टपावर बोचकी टाकून गेलेल्यांना हौस असणारच. फक्त जमीन एकदाच विकता येते आणि गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते, एवढे शेजारी शेजारी लिहून ठेवावे. कर्ज काढणाराने हप्ता किती, हे विचारायच्या आधी एकूण किती भरणार, हे विचारावे. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २०,७५० रुपये आणि व्याज सुमारे २ लाख ४५ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १६,१०० वर येतो, म्हणून गोड वाटतो; पण व्याज साडेतीन लाख होते. एक लाखाहून जास्त रक्कम त्या गोडव्यात गेली.

पावतीत कर, विमा आणि नोंदणी याशिवाय काही लिहिले असेल, तर ते कशाचे, हे विचारा. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे, असा कायदा नाही. बाहेरून दोन भाव काढून आणा. गाडी नोंदणीला जाण्यापूर्वी एकदा दिवसाउजेडी जाऊन पाहा. रंग, काचा, चाके, किलोमीटरचा आकडा, आणि सांगाड्याच्या पट्टीवर कोरलेला कारखान्यातून निघाल्याचा महिना आणि वर्ष. जानेवारीत आणलेली गाडी कधीकधी मागच्या सालची असते. घ्यायला हरकत नाही, पण सूट मागून घ्या. कारण तेच साल नोंदणीपुस्तकात चढते, आणि पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिल्याने तेच वाचतो.