करंजी खा, पण संत्र्यासोबत



पांढुर्णा, सौंसर म्हटलं, की संत्र्याच्या बागा आल्याच.
आणि पोळा म्हटलं, की करंजी.

गोड करंजीत सुकं खोबरं, खसखस, बेदाणे आणि चारोळी.
चारोळी तर आपल्या सातपुड्याच्या जंगलातली!

हिवाळ्यात सारण बदलतं.
तुरीचे कोवळे दाणे, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर.
मला विचाराल, तर ही तिखट करंजीच सरस.
तुरीच्या दाण्यांत प्रथिनं आहेत, लोहही आहे.

हे लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते.
ते संत्र्यात भरपूर असतं.
पण उष्णतेनं घटतं.
म्हणून संत्रं सारणात शिजवू नका.
सोबत ताजं खा.

पुन्हा सांगते...
करंजी तळलेली, संत्रं ताजं.

तळणाचा पदार्थ आहे, तेव्हा करंज्या दोनच घ्या.
संत्रं मात्र अख्खं खा, चोथ्यासकट!