मोतीची दोरी आणि समुद्रकाठचा किल्ला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "विलायतेच्या प्रवासावर चार शब्द बोला," तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात माझा हात लागतो तो लाडू वळायला आणि सतरंज्या उचलायला. शिवाय तिकडे तीन महिने राहून मी पाहिले काय, तर बहुतेक बहिणीचे स्वयंपाकघर! म्हणून एका दिवसाचीच हकीकत सांगते. पण ती सांगायची तर सुरुवात कुत्र्यापासून करायला हवी.

नऊ वर्षांची असताना मला आमच्या वाडीत कुत्रे चावले. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती घेतलेल्या बाईला कुत्र्याचे नाव काढले तरी पोटात कळ येते. (आता पोटात सुया नाहीत, दंडात चार-पाच देतात. पण चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हळद-चुना भरत बसायचे नाही. हे विषय सोडून झाले, पण आपल्याकडे अजून भरतात म्हणून बोलले.)

२०२३ च्या मार्चमध्ये मी इंग्लंडात न्यूकॅसलला धाकट्या बहिणीकडे गेले. तिचा मुलगा दोन वर्षांचा, आणि तिला पुन्हा नोकरीवर जायचे होते. दारात स्वागताला सर्वांच्या पुढे कोण, तर मोती! पिवळसर लॅब्राडोर, वासराएवढा. पहिले पंधरा दिवस मी स्वयंपाकघराचे दार लावून घेऊन पोळ्या लाटल्या. बहिणीला राग येई, मला लाज वाटे, पण दार काही उघडवत नसे.

एप्रिलच्या अखेरीस बहीण जिन्यावरून घसरली आणि उजवे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये. घरात बसून ती चिडचिडी झाली, म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी मेहुण्यांनी बेत केला की डन्स्टनबरोचा किल्ला पाहून यायचे. त्यांची जुनी कॅम्परव्हॅन आहे. म्हणजे चाकांवरची खोलीच म्हणा. आत गॅसची शेगडी, हाताएवढे मोरीपात्र, घडीचे टेबल, आणि बाक ओढला की त्याचाच पलंग. पुढची खुर्ची गर्रकन मागे फिरते. आपल्या दोन खणांच्या घरात अशी सोय करता आली असती तर पाहुण्यांची किती सोय झाली असती, असे मनात आले. मोतीलाही गाडीत पट्टा. तिकडे कुत्र्याला मोकळे बसवून गाडी हाकायची नाही असा नियम आहे.

तासाभराने क्रॅस्टर नावाचे कोळ्यांचे गाव आले. किल्ल्यापर्यंत गाडी जात नाही. दगडाच्या जुन्या खाणीत गाडीतळ केला आहे, तिथे गाडी ठेवायची आणि समुद्राच्या कडेने दोन किलोमीटर चालायचे. मेहुण्यांनी मुलाला पाठीवर बांधले. बहिणीचा हात गळ्यात. उरले कोण? ती म्हणाली, "ताई, मोतीची दोरी तुला धरावी लागेल. नको असेल तर परत जाऊ." तिचे तोंड पाहून मी हात पुढे केला. दोरीबरोबर एक पिशव्यांची गुंडाळीही हाती आली. त्या कशासाठी असतात ते इथे सांगत नाही, पुढे फराळ आहे.

वाट सगळी गवताच्या कुरणातून, आणि कुरणात मेंढ्या, त्यांची त्या वसंतातली कोकरे. मेहुणे म्हणाले, "दोरी काही झाले तरी सोडायची नाही. कुत्रे मेंढ्यांच्या मागे लागले आणि शेतकऱ्याने गोळी घातली, तरी कायदा बहुतेक त्याच्याच बाजूने राहतो." माझ्या हातात आता कुत्रे नव्हते, बहिणीचे दुसरे मूलच होते. दोरीचा विळखा मनगटाला घेतला. दुसरे फाटक ओलांडले तोच एक कोकरू आमच्या पुढ्यातून उड्या मारत गेले आणि मोतीने हिसका दिला. मी गुडघ्यांवर आपटले, तशीच चार पावले फरफटले. बहीण किंचाळली. मी दोरी सोडली नाही. काय सुचले कोण जाणे, घरी गुरांवर ओरडतो तशी मालवणीत ओरडले, "रव थंयच!" आणि तो विलायती कुत्रा मुकाट्याने खाली बसला.

किल्ला मात्र खरोखर पाहण्याजोगा. लँकेस्टरचा अर्ल टॉमस, म्हणजे दुसऱ्या एडवर्ड राजाचा चुलतभाऊ, याने तो १३१३ साली बांधायला घेतला. भाऊबंदकीच ती! पुढे राजाविरुद्ध उठला आणि १३२२ साली उत्तरेकडे माघार घेताना वाटेतच पकडला जाऊन त्याचे डोके गेले. इतका भक्कम किल्ला, पण ऐन वेळी तो धन्याच्या कामी आला नाही. पंधराव्या शतकातल्या लढायांनंतर तो पडका होत गेला. आज समोर उभा आहे तो दोन बुरुजांचा मोठा दरवाजा, आणि बाकी भिंतींचे सुळके. खालचा खडक काळाकभिन्न, आपल्या सह्याद्रीसारखाच तापलेला रस थिजून झालेला. कड्यावर समुद्रपक्ष्यांचा असा कलकलाट की आपला बाजारही बरा. सिंधुदुर्गात अजून चूल पेटते, देवाला दिवा लागतो; तिथे मात्र नुसते गवत आणि वारा. मला ते जरा ओकेओके वाटले, खोटे कशाला सांगू?

बहीण आणि मेहुणे मुलाला घेऊन दरवाजाचा जिना चढले. मी आणि मोती खाली भिंतीच्या आडोशाला बसलो. मी बाटलीतले पाणी ओंजळीत ओतले, ते त्याने प्याले. हे आठवले की अजून माझे मलाच खरे वाटत नाही.

परत येताना क्रॅस्टरला धुरावलेले मासे घेतले. हेरिंग मासा उभा चिरून, मिठाच्या पाण्यात ठेवून ओकच्या लाकडाच्या धुरात टांगतात. आपला बांगडा उन्हावर सुकतो, त्यांचा धुरावर. ऊनच नाही तर बिचारी करणार काय! गाडीतच मी चहा टाकला, मासे गरम केले. वास खूप दिवस गाडीतून गेला नाही, असे मेहुणे म्हणतात.

मनगटावर दोरीचा वळ आठवडाभर होता. रात्री फोनवर तो ह्यांना दाखवला. हे कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू? कुत्र्याची दोरी?" मागून मोती भुंकला, म्हणून पुढचे बोलणे राहूनच गेले.