हत्तीची हुशारी आणि आमचे हाकारे



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांना बांधावरचे ज्ञान पुस्तकातल्या ज्ञानाइतकेच मोलाचे वाटे. त्या बळावरच मी आज हत्तीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये, चतुर्थी आटोपून फार दिवस झाले नव्हते तोच, ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण सुळेवाला हत्ती सिंधुदुर्गाची सीमा ओलांडून पेडण्यात उतरला. मोपा, तांबोसे, तोरसे या गावांची झोप उडाली. मखरातल्या गजाननाला निरोप देणारे हात फटाके घेऊन रात्री जागू लागले. हा पाहुणा अगदीच अनपेक्षित नव्हता. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले आणि पुढे पेडणे-डिचोलीच्या सीमेवरील गावांनाही त्यांची ओळख झाली.

शिकारीतला हाकारा आपल्याला ठाऊक आहे: गलका करावा, जनावर घाबरून हव्या त्या दिशेला पळते. म्हैसूर संस्थानात १८७४ साली सँडरसनने याच तत्त्वावर खेडा यशस्वी केला. तिथला शेवटचा खेडा १९७१ चा. परंतु कळप घाबरवणे वेगळे आणि एकटा नर हत्ती हाकलणे वेगळे. फटाक्याने आवाजापलीकडे काही होत नाही, हे त्याला थोड्याच रात्रींत उमगते. विजेच्या कुंपणाची तार तो सुळ्याने तोडतो, कारण सुळ्यातून झटका बसत नाही. नाहीतर झाड ढकलून तारेवर पाडतो. चर खणला तर पायाने कडा ढासळवून उतार करतो. एवढे प्रचंड धूड, पण तळव्याखालच्या मऊ गादीमुळे अंगणाशी येईतो चाहूल नाही! शिवाय हत्ती एकमेकांशी माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल स्वरातही बोलतात, हे केटी पेन या संशोधिकेने १९८०च्या दशकात दाखवून दिले. आपण ढोल बडवीत असतो, तेव्हा त्यांचे संभाषण आपल्या कानांखालून निघून गेलेले असते.

या चातुर्याचे कौतुक व्यासपीठावरून करणे सोपे आहे. माड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि हत्तीला तो आडवा करायला काही क्षण पुरतात. भरपाई मोजली जाते ती पडलेल्या झाडाची. गेलेल्या वर्षांची नव्हे. १९७२ च्या कायद्याने हत्तीला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे. मात्र त्या संरक्षणाचा खर्च एकट्या कुळागरवाल्याने का सोसावा?

एका शेतकऱ्याने मला विचारले, “तो फटाक्यांना भीत नाही, हे आम्हांला कळले, त्यालाही कळले. मग ते रोज का वाजवायचे?” मी म्हटले, “आपलीच भीती घालवायला.” तो हसला नाही.

तमिळनाडूतील वालपराईच्या चहामळ्यांत वेगळा मार्ग निघाला. तिथे हत्ती कोठे आहे याचा संदेश लोकांच्या मोबाईलवर जातो, आणि वाटांवरचे लाल दिवे पेटतात. अंधारात अचानक समोरासमोर गाठ पडून माणसे दगावत, ते त्यामुळे कमी झाले. तिथे हत्तीला हाकलण्यापेक्षा त्याचा ठावठिकाणा जाणण्यावर भर दिला गेला. आपल्याकडे असा पहिला दिवा कोणत्या पाणंदीवर लावावा, हे कचेरीतला नकाशा सांगणार नाही. ते रात्री मांगरात जागणाऱ्यांना विचारावे लागेल, आणि त्यांतले काहीजण आज या सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत.