काळ्या अरण्यातील खडीच्या वाटा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. खडीच्या रस्त्यावरून सायकल फिरवण्याशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात. तेव्हा मोठी परिभाषा माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही, एवढे सांगून मुद्द्यावर येतो.

अलीकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल निघाली आहे. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. डांबरावर पळते आणि खडीवरही घसरत नाही. आपल्याकडची तरुण मंडळी ती घेऊन सह्याद्रीत मुरमाच्या वाटांनी जातात. किंमत लाखाच्या घरात, म्हणून आमचे कार्यकर्ते या प्रकाराला श्रीमंतांचा छंद म्हणतात. सायकल श्रीमंताची असेल. पण रस्ता कोणाचा? हे पाहण्यासाठी मी आपल्याला जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नेतो. तेथे ‘श्वार्त्सवाल्ड’, म्हणजे काळे अरण्य, नावाचा डोंगराळ मुलूख आहे.

उत्तरेस फोर्त्सहाइमपासून दक्षिणेस ऱ्हाइनकाठापर्यंत हा मुलूख सुमारे दीडशे किलोमीटर लांब. पश्चिमेकडे तो ऱ्हाइनच्या खोऱ्यात एकदम उतरतो, पूर्वेकडे सावकाश सखल होत जातो; कोकण आणि देश यांच्या मधल्या आपल्या डोंगराची आठवण यावी असा. सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग, 1493 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडे ठेंगणेच. स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी वृक्षांची इतकी दाटी, की दुपारी बारालाही खाली सावली. या अरण्यात खडीच्या रस्त्यांचे जाळे आहे, आणि ग्रॅव्हल सायकलवाले त्याला स्वर्ग मानतात.

हा स्वर्ग मात्र सायकलीसाठी कोणी बांधला नाही. तो लाकडासाठी बांधला. जुन्या काळी येथले ओंडके एकमेकांस बांधून त्यांचे तराफे करीत, आणि मुर्ग, किंत्सिग अशा नद्यांतून ऱ्हाइनमध्ये व तिथून थेट हॉलंडपर्यंत सोडीत. हॉलंडची जहाजे त्या लाकडाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडीपुढे तराफे मागे पडले. पुढे मालमोटारी आल्या आणि लाकूड रस्त्याने निघाले. आज या रस्त्यांवरून चाळीस टनांपर्यंतचे ट्रक उतरतात. भरलेला ट्रक उभ्या चढावर चालत नाही. म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाने, वळसे घेत, बेताच्या चढाने आखावा लागतो. चाळीस टनांना जो चढ सोसतो तो माणसाच्या मांड्यांनाही सोसतो. सायकलवाल्याला फुकट मिळालेले सुख ते हेच!

रस्त्याची बांधणी आपल्या ओळखीची आहे. खाली जाड दगड, वर बारीक खडी, त्यावर बारीक चुरा. पाणी मारून रोलर फिरवायचा. डांबर नाही. मध्ये किंचित उंच किंवा एका बाजूस उतार, कडेला चर, जागोजाग रस्त्याखालून पाईप. पाणी थांबले की रस्ता गेला. उत्तरेकडचा दगड तांबडा वालुकाश्म, दक्षिणेकडचा ग्रॅनाइट आणि नाइस. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या आयाबायांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्या हातांनी आपल्याकडचे कितीतरी रस्ते झाले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी त्यांचे नाव विचारले नाही.

नावावरून आठवले. सायकलीच्या पूर्वजाचा जनक कार्ल ड्राइस हा याच बाडेन प्रांतातला वनाधिकारी होता. 12 जून 1817 रोजी त्याने मानहाइम शहरातून आपले लाकडी दुचाकी यंत्र बाहेर काढले. त्याला पायटे नव्हते; बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटायची. त्याच वर्षी तो गेर्न्सबाखहून डोंगर ओलांडून बाडेन-बाडेनला गेला. म्हणजे काळ्या अरण्यातला दुचाकीचा पहिला घाटरस्ता दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तेव्हा डांबर कोठून असणार! हा ड्राइस जन्माने सरदार. 1849 साली बाडेनमध्ये लोकांनी राज्यक्रांती केली, तेव्हा त्याने आपली पदवी टाकून दिली आणि स्वतःस नुसता ‘नागरिक ड्राइस’ म्हणवले. प्रशियाच्या फौजेने क्रांती चिरडली, त्याचे निवृत्तिवेतन जप्त झाले, आणि 1851 साली तो दारिद्र्यात वारला. पाठ्यपुस्तकात यंत्राचे चित्र असते; ही हकीकत बहुधा नसते.

यंत्र झाले, रस्ता झाला. पण फिरायला सुटी कोठे होती? आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून 1890 साली रविवारची सुटी मिळवली. त्यानंतर सहा वर्षांनी, 1896 मध्ये, ऑफेनबाख येथे जर्मन कामगारांनी ‘सॉलिडारिटेट’ नावाचा सायकलसंघ काढला. रविवारी सायकलीवरून खेडोपाडी जायचे, वाटेत पत्रके वाटायची आणि संध्याकाळी परतायचे. पुढे सभासद लाखांवर गेले आणि संघाने स्वतःचा सायकल-कारखानाही चालवला. 1933 साली नाझींनी संघावर बंदी घातली, मालमत्ता बळकावली. महायुद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला. सायकल हा श्रीमंतांचा छंद म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आता हक्काचा प्रश्न. जर्मनीच्या 1975 च्या वनकायद्याने विरंगुळ्यासाठी जंगलात जाण्याची मुभा प्रत्येकाला आहे, मग जंगल सरकारचे असो, गावाचे असो की खाजगी. सायकल मात्र रस्त्यांवर आणि वाटांवरच चालवायची, आणि पडलात तर जोखीम तुमची. शेजारच्या ऑस्ट्रियात त्याच 1975 साली वनकायदा झाला. तेथे पायी फिरायला मुभा, पण जंगलरस्त्यावर सायकल घालायची तर रस्ता सांभाळणाऱ्याची परवानगी हवी. खडी तीच, भाषा तीच, एका देशात हक्क आणि दुसऱ्यात गुन्हा. काळे अरण्य ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गने आणखी एक पाचर मारली. 1995 पासून तेथे दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकलीला बंदी आहे. 2013 च्या सुमारास अर्ध्या लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून नियम बदलण्याची मागणी केली; सरकारने ती मानली नाही. पायी फिरणाऱ्यांचे म्हणणे असे, की अरुंद वाटेवर मागून सायकल आली की म्हातारी माणसे दचकतात. खरे सांगू? मला दोघांचेही पटते. पण हक्क टेपने मोजणारा कायदा मला आवडत नाही. रुंद खडीच्या रस्त्यांवर गर्दी वाढली तिला हा नियमही थोडा कारण असावा.

दोन वर्षांपूर्वी तिकडच्या कामगारमित्रांबरोबर मी फोरबाखहून श्वार्त्सेनबाख धरणाकडे गेलो. माझे गुडघे पाहून त्यांनी मला बॅटरीची सायकल भाड्याने दिली. तिचा मला काही कमीपणा वाटला नाही. फोरबाखचा छपराचा लाकडी पूल, वर धरणाचे काळसर पाणी, पुढे हेरनवीसचे पठार; ज्याला दम आहे त्याने तसेच 1036 मीटरवरच्या मुमेल्झे तळ्यापर्यंत जावे. मे ते ऑक्टोबर हा काळ बरा; नंतर बर्फ. उतारावर सैल खडीत पुढचा ब्रेक जपून दाबावा, नाहीतर दातांचा वैद्य गाठावा लागेल.

वाटेत एका ठिकाणी रस्त्यावर आडवी पट्टी आणि पाटी होती: वृक्षतोड चालू, प्रवेश बंद. 26 डिसेंबर 1999 च्या ‘लोथार’ वादळाने या भागात जंगलेच्या जंगले झोपवली होती, आणि ती मोकळी करणे हे फार धोक्याचे काम होते. ताणलेला ओंडका करवत लागताच उसळतो. आमच्या पुढचे दोन तरुण सायकलवाले पट्टी उचलून आत शिरले. माझा सोबती, स्वतः जन्मभर कारखान्यात काम केलेला, मोठ्याने ओरडला. ते परत आले, थोडे रागावलेलेच. आम्ही सगळे वळसा घेऊन चार किलोमीटर जास्त गेलो. मागे बराच वेळ करवतीचा आवाज येत होता.