आसावरीचे लग्न आणि आमचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'मला आवडलेली मालिका' या विषयावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आनंदाने होकार दिला. घरी जाऊन विचार करू लागले, तो ध्यानात आले की त्या मालिकेविषयी खरे बोलायचे तर घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती माझी एकटीची नाही. म्हणून जिची आहे तिला विचारूनच आले आहे. ती म्हणाली, "सांगा ताई, पण माझं नाव नका घेऊ."

मालिका आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. 'अग्गंबाई सासूबाई' ही झी मराठीवर जुलै 2019 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2021 मध्ये संपली. आसावरी वर्षानुवर्षे वैधव्यात राहिलेली. सासरे करड्या शिस्तीचे, मुलगा आईला गृहीत धरणारा. तिच्या आयुष्यात अभिजित राजे हा शेफ येतो, आणि तिची सून शुभ्रा पुढाकार घेऊन सासूचे लग्न लावते. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांनी ते प्रौढ वयातले प्रेम इतक्या संकोचाने रंगविले की कुठे ओशाळे वाटले नाही. लग्नानंतर मालिका पुष्कळ रेंगाळली, हेही सांगितले पाहिजे. पण लग्नापर्यंत आम्ही एक दिवस चुकविला नाही.

आमच्या घरी जेवणे आटोपली की शेजारच्या चारपाच जणी येत. माझी धाकटी जाऊ मात्र माजघराच्या उंबऱ्यावर बसून पाही. तिला पुढे ये असे कोणी म्हणत नसे. माझा दीर 2018 च्या कार्तिकात, धान कापणीच्या वेळी, वाघाने नेला. आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगायला नको. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, बांधीत वाकून धान कापताना माणूस जातो. दोन दिवस गाव जमते, वनखात्याची माणसे येतात, पंचनामा होतो. पुढचे त्या बाईने एकटीने निभवायचे. ती रात्री दचकून उठे. बांधीकडची वाट तिने सोडूनच दिली. विळा हातात धरीना.

आसावरीसाठी आम्ही साऱ्या जणी पदराने डोळे पुसत होतो. त्याच हिवाळ्यात संक्रांतीचे हळदीकुंकू माझ्याकडे होते आणि मी या जावेला तिळाचे लाडू वळायला आत बसविले. लाडू तिचे, वाण माझे. त्या वेळी मला त्यात काही वावगे दिसले नाही. पुढे मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनानेही इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले, हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा ते लाडू आठवले.

आपल्याकडे पुष्कळ समाजांत विधवेचा पाट लागत आला आहे. शहरातल्या सुधारकांना जे झगडून मिळवावे लागले, ते आपल्या शेतकरी आणि गोंड बायांना ठाऊक होते. पण पाट लागे तो रात्री, गाजावाजा न करता; सवाष्णींनी तिचे तोंड पाहू नये, असेही म्हणत. मालिकेत मात्र आसावरी दिव्यांच्या झगमगाटात, सर्वांसमक्ष बोहल्यावर चढली. मला त्या मालिकेचा मोठेपणा तिथे वाटतो.

जे मालिकेत नव्हते तेही सांगते. शेफ राजेंच्या गोष्टीत नुकसानभरपाईचा प्रश्न नव्हता. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातले एक विधुर शिक्षक जावेसाठी विचारायला आले, तेव्हा आमच्या घरी पहिला शब्द निघाला तो, "आणि सरकारकडून मिळालेल्या पैशाचं काय?" हा प्रश्न परक्याने नव्हे, आमच्या ह्यांनीच विचारला, आणि मी चहाचे कप उचलून आत गेले.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितले, 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. 1956 च्या वारसा कायद्यापासून तिच्या वाट्याला आलेले ते पूर्णपणे तिचे असते, आणि लग्न केल्याने जात नाही. घरी येऊन मी हे ह्यांना सांगितले. चार दिवस आमच्यात अबोला होता. पाचव्या दिवशी ह्यांनीच बँकेचे पुस्तक काढून तिच्या हातात दिले.

तिने मात्र लगेच हो म्हटले नाही. मालिकेत दोनचार भेटींत मन मोकळे होते. इथे वर्ष गेले. गुरुजी रविवारी येत, अंगणात बसत, पुष्कळदा काही न बोलता चहा घेऊन जात. एकदा ती त्यांच्याजवळ दीराच्या मृत्यूचा दिवस सबंध बोलली. आमच्याजवळ ती कधी बोलली नव्हती. आम्ही विचारलेच नव्हते. गेल्या कार्तिकात ते तिच्याबरोबर धुऱ्यापर्यंत चालत गेले. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. त्यानंतर आठ दिवसांनी तिने विळा घेतला.

आता माघात लग्न ठरले आहे. मी तिला म्हटले, आसावरीसारखी रोषणाई करू या का? ती हसली. म्हणाली, "एवढा उजेड नको मले ताई. पण रातीचंबी नको. सकाळी करा."

सकाळी दहाचा मुहूर्त धरला आहे. आपण साऱ्या जणींनी यावे.