शाळेचा पैसा आणि नवा शिक्षक

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मस्तगड, जालना येथे केलेले भाषण)



आपल्या समाजातील जी मुलेमुली शिक्षक म्हणून नुकतीच रुजू झाली, त्यांच्यापुढे दोन शब्द बोलण्याचा मान मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी ऋणी आहे. अध्यापनाविषयी मी काही सांगणार नाही. ते तुम्हांस अध्यापक विद्यालयात पुरेसे मिळाले आहे. तेथे मला जे कोणी शिकविले नाही, तेवढेच सांगतो. शाळेचा पैसा कोठून येतो व कोणत्या वाटेने येतो, हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजून घ्या.

प्रथम माझी चूक सांगतो. नोकरीस वीस वर्षे झाल्यावर एका दोनशिक्षकी शाळेचा कार्यभार माझ्याकडे आला. वर्गाचे छप्पर गळत असे. पावसात मुलांना एका कोपऱ्यात दाटीने बसवून मी शिकवी, आणि वरून काही मिळत नाही, असे गावकऱ्यांस सांगे. वस्तुतः दुरुस्तीची रक्कम शाळेच्या खात्यावर पडून होती. ती खर्चण्याचा अधिकार आपणास आहे हे मला कळले, तेव्हा ३१ मार्च उलटून गेला होता. रक्कम परत गेली. पुढचा पावसाळाही मुलांनी त्याच कोपऱ्यात काढला. गावात कुजबुज सुरू झाली, की मास्तरांनी पैसे खाल्ले. ते खोटे होते. परंतु मला उत्तर देता येईना, कारण हिशेब मलाच उमगला नव्हता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी पैशाचाच माग काढला होता. सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमाने भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस होतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. आपला जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जणांनी शाळा पाहिली, हे घरोघर ठाऊकच आहे.

आज जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेचे अनुदान आहे. त्यात केंद्राचे ६० व राज्याचे ४० टक्के. हे अनुदान पटावर ठरते, आणि ते वेळेवर व पुरते येईलच असे नाही. शिक्षकांची पदेही पटावरच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीस ६० पर्यंत पट असल्यास दोन शिक्षक, ६१ झाले की तीन. आता पट आधारवरून पडताळतात. आधारवर नाव वा जन्मतारीख चुकली, तर मूल वर्गात बसलेले असूनही मोजणीत येत नाही. म्हणून या नोंदींना कारकुनी समजून नाक मुरडू नका.

खासगी संस्थेत जाणाऱ्यांसाठी, व त्याहून त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी, थोडे स्पष्ट बोलतो. २००१ नंतर अनेक शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी मिळाली. 'कायम' हा शब्द २००९ मध्ये गळाला आणि २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्क्यांपासून अनुदान सुरू झाले. मधली वर्षे तेथील शिक्षकांनी कशी काढली, हे आपल्यातील काही घरांना विचारा. नोकरीसाठी शेत विकणारा बाप मी पाहिला आहे. त्याने एकच प्रश्न विचारला नव्हता: माझा मुलगा ज्या तुकडीवर जाणार, तिला अनुदान किती टक्के? शासनाचा आदेश मागून घ्यावा, वाचावा, मगच होकार द्यावा. चिरंजीवांना लाज वाटत असेल तर वडिलांनी विचारावे.

भगिनींनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या समितीत आहेत. ठरावावर सही करण्यापूर्वी कॅशबुक पाहावयास मागा; चांगला मास्तर रागावणार नाही.

भोजनानंतर मी येथेच बसणार आहे. एका वहीत कॅशबुकाचे नमुने आखून आणले आहेत. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे.